आजीच्या ताटाचा खोटा दाखला

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने वाढत्या वजनाचा विषय काढला की हल्ली समोरून ठरलेलं उत्तर येतं. "आपलं जुनं जेवण सुरू कर. आजी काय खायची ते आठव. वरण-भात, वर तूप, पोळी-भाजी. तिला कधी शुगर झाली? तिचं कधी पोट सुटलं?" हे उत्तर व्याख्यानांतून येतं, दिवाळी अंकांतल्या आरोग्यलेखांतून येतं, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर रोज सकाळी सुप्रभातासोबत येतं. त्यात माया आहे, अस्मिता आहे आणि काहीच सोडावं लागत नाही ही मोठी सोय आहे. म्हणूनच ते लोकांना पटतं. माझा या उत्तराला विरोध आहे. ते निरुपद्रवी असतं तर लिहायची गरज नव्हती, पण चाळीस ते साठ या वयात जी दहा-पंधरा वर्षं हाताशी असतात ती या उत्तराच्या भरवशावर फुकट जातात.

पहिला प्रश्न, कोणती आजी? मंगळवेढ्याची की मालवणची? सोलापूर, बीड, उस्मानाबादकडच्या कोरडवाहू शेतावर राबणाऱ्या आजीच्या ताटात ज्वारीची भाकरी, चटणी, पिठलं किंवा कोरड्यास असायचं. भात सणावारी किंवा पाहुणा आला तर. विदर्भातल्या आजीकडे झुणका, अंबाडीची भाजी, भाकरी. कोकणात भात होता, पण सकाळची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि मिळाला तर बांगडा किंवा सुका बोंबील. रोज वरण-भात-तूप-पोळी असा बेत ज्या घरांत होता ती घरं मोजकी होती आणि लिहिती होती, म्हणून त्यांची आजी सगळ्या महाराष्ट्राची आजी होऊन बसली. आरोग्यलेखासोबत जो फोटो छापतात तो तर आणखी गमतीचा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे दोन भाज्या, मध्ये भाताची मूद, शेजारी पुरणपोळी. हे पंगतीचं ताट आहे. आजीच्या आयुष्यात ते वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आलं. आपण त्याला रोजचं केलं आणि वर त्याला परंपरा म्हणतो.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. आजीच्या काळात मधुमेह खरोखरच कमी होता. "तेव्हा तपासत कोण होतं" एवढं म्हणून हा मुद्दा झटकता येत नाही. १९७०च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) केलेल्या पाहणीत शहरी भागात मधुमेहींचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होतं आणि खेड्यांत त्याहून कमी. आयसीएमआरच्याच 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की प्रौढांत हे प्रमाण ११.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे १० कोटी माणसं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची आणखी १३ कोटींहून जास्त. पोटाचा घेर मर्यादेबाहेर गेलेली माणसं जवळपास ४० टक्के. मोजण्याच्या पद्धती बदलल्या हे धरूनही फरक प्रचंड आहे. तेव्हा काहीतरी वेगळं होतं यात वाद नाही. वाद आहे तो काय वेगळं होतं यावर. आजीवादी म्हणतात, शहाणपण वेगळं होतं. मी म्हणतो, टंचाई.

तेल घ्या. सरकारी आकड्यांनुसार १९५०च्या दशकात आपल्याकडे माणशी वर्षाला सुमारे ३ किलो खाद्यतेल उपलब्ध होतं. आज तो आकडा १९ किलोंच्या वर गेला आहे. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमहून अधिक. आजी फोडणीला पळीच्या टोकाएवढं तेल घालायची ते तिला कॅलरी कळत होत्या म्हणून नव्हे, तेलाची बाटली महिनाभर पुरवायची होती म्हणून. तिने केलेली तीच मेथीची भाजी आपण आज तिच्या तिप्पट-चौपट तेलात करतो आणि म्हणतो, घरचंच आहे, पारंपरिक आहे. यातलं बरंच तेल स्वयंपाकघरात दिसतही नाही. ते फरसाणातून, बिस्किटांतून, चहासोबतच्या खारीतून, वड्यातून आणि 'भाजका' म्हणून विकल्या जाणाऱ्या चिवड्यातून येतं.

उपासाचं तेच. आजी चातुर्मास पाळायची, संकष्टी-एकादशी करायची, म्हणून ती सडपातळ, असं सांगतात. उपासाचा खरा अर्थ खाणं कमी होणं असेल तर हरकत नाही. पण आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही. त्यातही साबुदाण्याला जे पुरातनत्व बहाल झालंय त्याचं मला नवल वाटतं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात त्याचा धंदा उभा राहिला १९४०च्या दशकात. तुमच्या आजीच्या आजीच्या उपासाला वरई, राजगिरा, रताळी असतील, साबुदाण्याची खिचडी असणं अवघड. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावाला. त्यात मूठभर दाण्याचं कूट, बटाटा, चमचाभर तूप, वर खोबरं, आणि ताटलीभर खाल्ल्यावर "आज काही खाल्लं नाही" हे समाधान. पन्नाशीतल्या माणसाला आठवड्यातले दोन उपास असे घडले तर वजन उतरायचं सोडा, चढेल.

"पण आजी राबत होती," असं यावर उत्तर येतं. जातं ओढायची, विहिरीवरून पाणी आणायची, पाट्यावर वाटण करायची. तेव्हा खाल्लेलं जिरायचं. आता आपण बसून असतो, आणि चाळिशीनंतर मेटाबॉलिझमही मंदावतो. या युक्तिवादाची दोन्ही टोकं कच्ची आहेत. हर्मन पॉन्टझर हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांत गेले. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की दिवसभर रानोमाळ हिंडणाऱ्या हाड्झांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचं आकारमान जमेस धरलं की, खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच भरतो. शरीर कष्टाचा खर्च दुसरीकडून कापून वळता करतं, अशी त्यांची मांडणी. मग २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. २९ देशांतली ६,४००हून अधिक माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत. निष्कर्ष असा की आकारमान आणि स्नायूंचा हिशेब लावल्यावर २० ते ६० या वयात शरीराचा ऊर्जाखर्च स्थिर राहतो. घसरण सुरू होते ती साठीनंतर, आणि तीही वर्षाला एक टक्क्याहून कमी वेगाने. रजोनिवृत्तीच्या वयातही बायकांच्या बाबतीत वेगळी पायरी दिसली नाही. रजोनिवृत्तीत चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, झोप मोडते, त्रास होतो, हे सगळं खरं. पण "वय झालं, आता सुटणारच" याला आधार नाही.

कष्टाचा फायदा नव्हता असं मी म्हणत नाही. जात्याने आजीचे दंड घट्ट ठेवले, साखर वापरायला स्नायू शिल्लक ठेवले. मात्र ती बारीक राहिली ती कमी खायला मिळालं म्हणून. ती सगळ्यांत शेवटी जेवायची आणि पातेल्यात जे उरेल ते जेवायची. याला आहारशास्त्र म्हणणं ही तिची थट्टा आहे. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांना सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. त्या पिढीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ते ताट परत हवं का.

आणि इथे या सगळ्या आजीप्रेमाला सर्वांत मोठा छेद जातो तो पुण्यातूनच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पण आपल्या बाळांत कमी पडलं होतं ते स्नायूंचं आणि पोटातल्या अवयवांचं वजन. चरबी त्या मानाने टिकून होती. वरून किडकिडीत, आतून चरबीदार. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी इंग्लंडच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांची मांडणी अशी की आईच्या, तिच्या आईच्या अपुऱ्या पोषणाने गर्भातच असं शरीर घडतं आणि पुढे त्याला भरपूर खायला मिळालं की मधुमेह लवकर गाठतो. म्हणजे ज्या ताटाचा दाखला आपण उपाय म्हणून देतो, त्या ताटाचं रितेपण हेच आपल्या आजच्या दुखण्याच्या मुळांपैकी एक आहे. त्या खेड्यांतल्या आया आज पन्नाशीत आहेत. त्यांना कुणी "जुनं जेवण सुरू करा" म्हणून सांगेल काय?

आपल्या शरीराची ही जात ओळखूनच भारतीय तज्ज्ञांनी वेगळ्या मर्यादा ठरवल्या. बीएमआय २३च्या वर गेला की जास्त वजन, २५च्या वर लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८०. वजनकाट्यावर "तसा मी ठीकच आहे" म्हणणारे कितीतरी काका टेप लावला की उघडे पडतात.

मग ताटात नेमकं काय चुकतं? तूप, असं पूर्वी सांगायचे आणि ते चुकीचं होतं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी मराठी माणसाच्या मनातली तुपाची, भाताची, केळ्याची भीती घालवली आणि उपासमारीच्या डाएटपासून पुष्कळांना वाचवलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण भीती जाणं म्हणजे मोजमाप जाणं नव्हे, आणि ऐकणाऱ्यांनी नेमकं तेच करून घेतलं. आपल्या ताटाचं खरं दुखणं धान्य आहे. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या आणि भात, संध्याकाळी बिस्किटं, रात्री परत पोळ्या, परत भात, आणि "वरण आहे ना" म्हणून प्रथिनांची चिंता नाही. वाटीभर पातळ वरणात डाळ असते जेमतेम १५-२० ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळतात तीन-चार ग्रॅम. साठ किलोंच्या माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅम लागतात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटत असताना ही उधारी परवडणारी नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी त्यांचा हिशेब असा: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. सगळी मापं कच्च्या जिनसांची. घरच्या भाषेत सांगायचं तर सबंध दिवसात पाच पोळ्या, लहान बशी पोहे आणि वाटीभर भात झाला की धान्य संपलं. ८५ ग्रॅम डाळी म्हणजे दोन वेळा घट्ट वरण किंवा मटकी-चवळी-हुलग्याची उसळ, तीही वाटी भरून. आणि ४०० ग्रॅम भाजी म्हणजे पोळीला लावण्यापुरती भाजी नव्हे, ताटाचा निम्मा भाग. शिवाय दोन हजार कॅलरी सगळ्यांना लागतातच असं नाही. बैठं काम करणाऱ्या बाईची गरज याच संस्थेने सुमारे १,६६० धरली आहे. वजन उतरवायचं असेल तर त्याहून खाली यायला हवं, आणि कापायचं ते धान्य, तेल आणि साखरेतून. डाळ, अंडी, मासे, ताक, भाजी यांतून नाही. बहुतेक घरांत होतं उलटंच. डाएट सुरू झालं की आधी उसळ पचत नाही म्हणून जाते, अंडं वारामुळे जातं, आणि उरतात दोन पोळ्या आणि दुधी.

आजीच्या ताटातून घेण्यासारखं काही नाही का? आहे की. भाकरी, पालेभाज्या, कुळीथ, ताक, लाह्या, बोंबील. पण हे निवडून घ्यावं लागेल, मोजून घ्यावं लागेल. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी उत्तमच, तरी चार भाकऱ्या या चार भाकऱ्याच असतात.

किती वेळा खावं, या वादात मी फार वेळ घालवणार नाही, महाराष्ट्राने तो आधीच पुष्कळ घालवला आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, आणि रोज चाला. दुसरीकडे थोडं थोडं दर दोन-तीन तासांनी खा असं सांगणारे आहेत. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कापल्या, निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खायला सांगितलं. वेळ बांधलेल्यांचं वजन ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. प्रागमध्ये ५४ मधुमेहींवर झालेल्या प्रयोगात मात्र सहा लहान खाण्यांपेक्षा दोन मोठी जेवणं थोडी सरस ठरली. फक्त ती दोन जेवणं सकाळची आणि दुपारची होती. रात्री साडेनवाच्या जेवणासाठी प्राग साक्षीला येणार नाही. ज्याला जे झेपेल ते त्याने करावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये, कारण साखर एकदम खाली जाते. दोन्ही मार्गांनी वजन उतरतं ते एकूण खाणं कमी झालं तरच.

आणि थोडं उतरलं तरी पुरतं, हे लोकांना कुणी नीट सांगत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक माणसांवर मोठा प्रयोग झाला. सरासरी वय पन्नाशीचं. वजनाचे सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच लक्ष्य. २००२ मध्ये निकाल आला, मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी भारतीयांवर तसाच प्रयोग केला. तिथे वजन फारसं हललं नाही, तरी खाण्या-चालण्यातल्या बदलाने प्रमाण २८.५ टक्क्यांनी खाली आलं. ७५ किलोंच्या माणसाला सात टक्के म्हणजे सव्वापाच किलो. लग्नातला कोट परत बसायला हवा अशी अट कुणी घातलेली नाही.

या सगळ्यात जिच्याविषयी सर्वांत कमी लिहिलं जातं ती घरातली पंचेचाळीस-पन्नाशीची बाई. आजीची एक सवय मात्र तिने जशीच्या तशी उचलली आहे. ती अजून शेवटी जेवते आणि उरलेलं संपवते. फरक एवढाच की आजीच्या पातेल्यात काही उरत नव्हतं आणि आता रोज उरतं. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, नवऱ्याने नको म्हटलेला भात, शिळं होईल म्हणून सकाळची उसळ आणि त्यासोबत आणखी एक पोळी. तिच्या वजनाचं खापर थायरॉइडवर, रजोनिवृत्तीवर, तिच्या आळसावर फुटतं. पातेल्याकडे कुणी बघत नाही. वर तिला सल्ला मिळतो की दोन वाटणं जास्त कर, पारंपरिक पद्धतीने कर. या सल्ल्यातलं कामही तिच्याच गळ्यात आणि चरबीही.

शिवाय आग्रह. आपल्याकडे वाढणाऱ्याचं प्रेम पाहुण्याच्या पोटावर मोजतात. "एक तरी घ्या" या वाक्यासमोर मधुमेहाचा रिपोर्ट टिकत नाही. नको म्हणणाऱ्या माणसाला उद्धट ठरवणं आधी थांबायला हवं. सत्यनारायणाच्या घरी, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, रविवारी सासुरवाडीला. पन्नाशीतला माणूस वर्षभर असाच कुणाचा तरी मान राखत असतो.

तेव्हा आजीला फोटोत राहू द्या. शिळा भात फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी फोडणी घाला किंवा खुशाल टाकून द्या, तो पोटात टाकण्यापेक्षा बरा. घरातल्या सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. आणि या महिन्याच्या किराणाच्या यादीत तेल-तुपाचा आकडा बघा. माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घराला महिन्याला तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलो पुरतं, आणि त्यात बाहेरून आलेला वडा, फरसाण, बिस्किटं सगळं धरलेलं आहे.